दसादशे आणि दरमहा

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस रणकंदन चाललं होतं. निमित्त अगदी साधं. जिने पुसणाऱ्या मावशींनी सेक्रेटरींकडे दहा हजार रुपये उचल मागितली. मुलाच्या कॉलेजप्रवेशाचे पैसे भरायचे होते. दर महिन्याच्या पगारातून हजार कापून घ्या, म्हणाल्या. सेक्रेटरींनी विषय ग्रुपवर टाकला आणि प्रत्येकाच्या आतला अर्थतज्ज्ञ जागा झाला. ‘लाडकी बहीणचे पंधराशे येतात ना?’ ‘हातातला मोबाईल बघितलात का?’ ‘गेल्या वर्षी मुलीच्या लग्नात डीजे लावला होता, तेव्हा कुठून आले पैसे?’ मग दोघी-तिघी मावशींच्या बाजूनं उभ्या राहिल्या: इतक्या वर्षांत घरातली टाचणी हलली नाही, इतकी कष्टाळू बाई शोधून सापडायची नाही. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तो सुप्रसिद्ध सुविचार टाकला, की मासा देऊ नका, मासेमारी शिकवा. मुंबईत राहून हा सुविचार ऐकवायला धाडस लागतं. इथल्या कोळ्यांना मासेमारी कुणी शिकवायची गरज नव्हती. वरळीच्या कोळ्यांना होड्या नीट बाहेर काढता याव्यात म्हणून सागरी किनारा रस्त्याच्या खांबांमधलं अंतर ६० मीटरचं १२० करून घ्यायला मात्र वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

मला त्या वादात खटकलं ते वेगळंच. मावशींच्या विरोधातले आणि बाजूचे, दोघंही एकाच प्रश्नाचं उत्तर देत होते: ही बाई माणूस म्हणून कशी आहे? एक म्हणत होता उधळी, दुसरी म्हणत होती गुणी. म्हणजे मदत द्यायची तर आधी चारित्र्याचा दाखला हवा, आणि बाजू घेणाऱ्यांनी तो हौसेनं लिहून दिला. मी अडतीस वर्षं बँकेत काढली. त्यातली बरीचशी कर्जाच्या टेबलावर गेली. तिथं मला जे दिसलं ते असं, की गरीब माणसं इतरांइतकीच काटकसरी, इतरांइतकीच उधळी, इतरांइतकीच आळशी नि इतरांइतकीच हुशार असतात. फरक स्वभावात नसतो, भावात असतो. तीच वस्तू, तेच कर्ज, तीच चूक गरिबाला अनेक पटींनी महाग पडते. आणि तो भाव देवानं ठरवलेला नाही. बहुतेक वेळा तो कुठल्या तरी कायद्याच्या कलमात, परिपत्रकात किंवा पावतीच्या मागच्या बारीक अक्षरात सापडतो.

व्याजापासूनच सुरुवात करू, कारण तो माझा विषय. शाळेत आपण सरळव्याजाची गणितं केली ती ‘दसादशे’ची. दर साल दर शेकडा. मध्यमवर्ग पुढं आयुष्यभर याच भाषेत विचार करतो. गृहकर्ज साडेआठ टक्के म्हटलं की ते वर्षाचे, हे सांगावं लागत नाही. आता वस्तीत जाऊन विचारा. ‘किती टक्क्यानं घेतले?’ ‘पाच टक्क्यानं.’ ऐकणाऱ्याला वाटतं, अरे वा, स्वस्तात मिळाले. पण तिथला टक्का महिन्याचा आहे. दहा हजारांवर दर महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार, आणि मुद्दल जिथल्या तिथं. त्यातही पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून हातात साडेनऊ हजार पडतात. मला गाडीसाठी तेवढीच रक्कम वर्षभर वापरायची तर साधारण नऊशे रुपये व्याज पडलं असतं. शब्द एकच, ‘टक्का’, पण एकाचा दसादशे आणि दुसऱ्याचा दरमहा. माझ्या आणि मावशींच्या आर्थिक शहाणपणाची तुलना करायची असेल तर आधी दोघांना एकाच भाषेतलं गणित घाला.

सावकाराची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. त्याच्याकडे तारण नसतं, पगाराची स्लिप नसते, बुडाले तर कोर्टात जायची सोय नसते. दहा हजारांच्या कर्जाला कागदपत्रांची जेवढी मेहनत लागते तेवढीच दहा लाखांना लागते, म्हणून बँकही लहान कर्जाला नाक मुरडते. मीही मुरडलं आहे. भाडेकरार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून व्यवहाराचा इतिहास नाही आणि इतिहास नाही म्हणून कर्ज नाही, अशा साखळीत अडकलेल्या कित्येक माणसांना मी सभ्य भाषेत परत पाठवलं. नियमानं वागलो, त्यामुळं झोप लागली. पण म्हणून ती माणसं कर्ज घ्यायची थांबली असं थोडंच झालं? ती फक्त दसादशेच्या रांगेतून दरमहाच्या रांगेत गेली.

पाण्याचंही तेच. पालिकेचा झोपडपट्टीसाठीचा दर हजार लिटरला मोजक्या रुपयांत आहे. पण ज्यांच्या वस्तीला अधिकृत जोडणीच नाही, त्यांनी पस्तीस लिटरचा कॅन दहा रुपयांना घेतला असं धरलं तरी हजार लिटरला पावणेतीनशेच्या वर जातात. त्यात कॅन वाहून आणायची मजुरी नाही, आणि पाणी येईल त्या वेळेला कामावर दांडी पडते तीही धरलेली नाही. अशांना पाणी का मिळत नव्हतं? ती माणसं आळशी होती म्हणून? नाही. त्यांची झोपडी एका ठरावीक तारखेनंतरची होती म्हणून. झोपडी केव्हाची, यावर तहान ठरत होती. २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की झोपडी अनधिकृत असली तरी माणसाचं पाणी तोडता येणार नाही. ज्यांना हे ‘व्होट बँकेचे लाड’ वाटतात त्यांनी एवढंच सांगावं, की वर्षानुवर्षं पन्नासपट दरानं पाणी विकत घेणाऱ्या माणसाला फुकट्या कोणत्या हिशोबानं म्हणायचं?

आता डीजेकडे येऊ. कारण ‘लग्नात उधळतात आणि मग रडतात’ हा आपल्याकडचा सर्वांत आवडता युक्तिवाद आहे, आणि त्याला निदान दीडशे वर्षांची परंपरा आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. तिथून पुणे-नगर भागात हे लोण पसरलं. बहुतेक ठिकाणी त्यांनी माणसं मारली नाहीत. कर्जरोखे शोधून काढले आणि जाळले. कुणाला काय हवं होतं हे त्यातून पुरेसं स्पष्ट होतं. सरकारनं आयोग नेमला. तेव्हाच्या साहेबांमध्ये आणि पांढरपेशांमध्ये उत्तर तयारच होतं: कुणबी लग्नकार्यात उधळतो, म्हणून कर्जात बुडतो. आयोगानं गावोगावचे हिशोब तपासले आणि निष्कर्ष काढला, की लग्नखर्चाला नको तेवढं महत्त्व दिलं गेलं आहे. ऐपतीच्या मानानं तो खर्च मोठा दिसतो खरा, पण असे प्रसंग आयुष्यात मोजकेच येतात, आणि कर्जाचं मूळ त्यात क्वचितच असतं. मूळ होतं रोख आणि ठरलेल्या तारखेला भरायच्या शेतसाऱ्यात, नव्यानं वाढवलेल्या आकारणीत आणि व्याजावर चढणाऱ्या व्याजात. हे कुणा डाव्या प्राध्यापकाचं मत नव्हे. साम्राज्याच्या अधिकाऱ्यांनी वह्या तपासून लिहिलेलं आहे. १८७९ च्या कायद्यानं मग न्यायालयांना रोख्याच्या मागं जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. म्हणजे शेवटी दुरुस्ती झाली ती कुणब्याच्या स्वभावाची नाही, न्यायालयाच्या अधिकाराची.

याच कथेचा दुसरा अर्धा भाग मुंबईत घडला आणि तो आपण वेगळ्याच सुरात सांगतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. गावात त्या तेजीच्या भरवशावर सावकारांनी कर्जं दिली. मुंबईत त्याच तेजीवर शेअरबाजार पिसाळला. बॅकबे भराव कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात पोचला. समुद्रात अजून माती पडायची होती, पण भाव आकाशात होता. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बडे व्यापारी बुडाले, सरकारचं भांडवल असलेली बँक ऑफ बॉम्बे बुडाली आणि १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. त्या व्यापाऱ्यांच्या मुलामुलींच्या लग्नात किती खर्च झाला होता, हे कुणी तपासल्याचं माझ्या वाचनात नाही. त्यांच्याबाबतीत आपण ‘मंदी आली’ म्हणतो. एकाच कापसानं दोघांना बुडवलं; पण शेठजी बाजारामुळं बुडाले आणि कुणबी सवयींमुळं, अशी वाटणी आपण करून टाकली. गेल्या काही वर्षांत किती उद्योगपतींची कर्जं बँकांच्या ताळेबंदातून निर्लेखित झाली, हे आमच्यासारख्या निवृत्तांना वेगळं सांगायला नको. तिथंही ‘मोबाईल बघा त्यांच्या हातातला’ असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही.

मोबाईलवरून आठवलं. रेशनकार्डाची ई-केवायसी, लाडकी बहीणची ई-केवायसी, गॅसचा ओटीपी, शाळेचा ग्रुप, आणि चार घरच्या बायकांचे ‘आज जरा लवकर येता का?’ हे निरोप. मावशींचा मोबाईल म्हणजे त्यांचं ऑफिस आहे. तो मोठा का, तर त्यावरच मुलगा अभ्यास करतो. बास, एवढंच.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. दारू नसते का? असते. एकाच चाळीत, एकाच गिरणीत, एकाच पाळीला जाणारे दोन भाऊ; एकानं मुलांना शिकवलं, दुसऱ्यानं पगार गुत्त्यावर घालवला, हे मी लालबागच्या आमच्याच चाळीत पाहिलं आहे. माणसाच्या निर्णयाला काहीच अर्थ नाही असं म्हणणं हा त्या पहिल्या भावाचा अपमान आहे, आणि त्याच्या बायकोचा जास्त. जे लोक ‘सगळं व्यवस्थेमुळं’ म्हणून हात झटकतात, ते गरिबाला बुजगावणं समजतात. वारा येईल तसं हलणारं.

पण यातून पुढं जे सिद्ध केलं जातं ते सिद्ध होत नाही. दुसरा भाऊ दारू प्याला म्हणून त्याचं घर बुडालं, हे खरं. मलबार हिलवर कुणी पीत नाही का? तिथं घर बुडत नाही. माझ्या पुतण्यानं इंजिनिअरिंगची दोन वर्षं घालवली, मग शाखा बदलली, आज पुण्यात चांगला कमावतो. आम्ही त्या दोन वर्षांना ‘स्वतःला शोधत होता’ म्हणतो. मावशींच्या मुलानं एक वर्ष घालवलं तर तो डिलिव्हरीच्या बाईकवर जाईल आणि तिथून परत येणार नाही. चूक तीच, स्वभाव तोच. किंमत मात्र एकाला हप्त्यांत भरायची मुभा आणि दुसऱ्याला एकरकमी. उलट बाजूनं दर जूनमध्ये बातमी येते: भाजीवाल्याची मुलगी सीए झाली, हमालाचा मुलगा अधिकारी झाला. मलाही ती वाचून डोळ्यांत पाणी येतं. पण पाईपावरून चढून चौथ्या मजल्यावर पोचलेल्या माणसाचा फोटो दाखवून इमारतीला जिना लागतच नाही असं आपण म्हणू का? ती बातमी होते, कारण ते रोज घडत नाही.

स्वभाव आणि परिस्थिती यांचा निवाडा करायचा तर प्रयोगशाळा हवी, असं एक मित्र म्हणाला. मुंबईत ती होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा माझ्या बँकेतल्या नोकरीला चार महिने झाले होते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि हा संप कधी रीतसर मागं घेतलाच गेला नाही. आमचे वडील साचे खात्यात होते, शेजारचेही त्याच खात्यात. दोन्ही घरांत तीच भाकरी, तोच गणपती, गावाला जायची तीच एसटी. १९८१ मध्ये हे सगळे लोक मेहनती, शिस्तीचे, भोंग्यावर घड्याळ लावणारे म्हणून ओळखले जायचे. १९८५ मध्ये त्याच माणसांबद्दल ‘बसून खातात, नाक्यावर पत्ते कुटतात, पोरं गुंड झाली’ असं बोललं जाऊ लागलं. चार वर्षांत गिरणगावाचा स्वभाव बदलला म्हणायचा का? शेजारच्या मुलाची आणि माझी हुशारी सारखीच होती. त्याची भरतीची परीक्षा संपानंतर आली आणि तोवर त्याला फळांच्या गाडीवर उभं राहावं लागलं होतं. माझ्या आयुष्यातला कर्तृत्वाचा जो भाग मी सगळ्यांना सांगत असतो, त्यातला बराचसा त्या तारखेचा आहे.

संप ही चूक होती असं मानणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. नेतृत्वाचं गणित चुकलं, हे मीही मानतो. पण त्यानंतरचा अध्याय पाहा. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट दिली तेव्हा वाटणी साधारण अशी होती: एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, बाकी मालकाला. २००१ मध्ये त्या नियमात दुरुस्ती झाली, आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची असं ठरलं. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? शेड्सनीच तर ते भरलेलं. काही शब्दांच्या फरकानं शेकडो एकरांचं भवितव्य बदललं, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती वैध ठरवली. आज लोअर परळच्या मॉलमध्ये सुरक्षारक्षकाच्या गणवेशात उभा असलेला पन्नाशीचा माणूस ‘शिकला नाही म्हणून गरीब राहिला’ असं कुणी म्हणालं, तर ते खोटं नाही. अर्धवट आहे.

आमच्या बाजूच्या मंडळींना इथंच एक कानपिचकी द्यायची आहे. ‘व्यवस्था’ हा शब्द आपण धुक्यासारखा वापरतो. व्यवस्था शोषण करते, व्यवस्था बदलली पाहिजे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं काहीच उभं राहत नाही, आणि तो परत डीजेकडे वळतो, कारण डीजे निदान ऐकू येतो. व्यवस्था म्हणजे अमुक सालची दुरुस्ती, तमुक तारखेची अट, पत्त्याच्या पुराव्याचा रकाना. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईतले ४१ टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहतात. शहरातल्या दर पाचांतल्या दोघांचा स्वभाव बिघडला असेल, की घरांच्या भावाचा आणि पगाराचा काडीमात्र संबंध उरला नसेल? सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये, मुख्य न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या निकालपत्रात, फुटपाथवर राहणाऱ्यांबद्दल सांगितलं होतं, की ही माणसं तिथं राहतात कारण काम तिथं जवळ आहे. जागा गेली की पोटही जातं. फुटपाथवर झोपणं हा हिशोब करून घेतलेला निर्णय असू शकतो, हे न्यायालयाला चाळीस वर्षांपूर्वी कळलं. आमच्या ग्रुपला अजून कळायचं आहे.

आणि कलमं बदलली की माणसं बदललेली दिसतात, याचे दाखलेही आपल्याच शहरात आहेत. मशीद बंदरच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारे सातारा-जुन्नरकडचे हमाल. काम असलं तर मजुरी, नसलं तर फाके. दुखापत झाली तर घरी. तेव्हाही ‘हमाल पितात, जुगार खेळतात’ हेच ऐकू यायचं. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. मालकानं मजुरी थेट माथाडी मंडळात भरायची, वर लेव्ही म्हणजे मजुरीवरची ठरलेली जादा रक्कम भरायची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधपाणी. पोतं तेवढंच जड राहिलं, पाठही तीच. पण पुढच्या पिढीतली कितीतरी मुलं शिकून गेली. या चळवळीतही पुढं बोगस टोळ्या आणि खंडणीखोर शिरले, हे व्यापारी सांगतात ते खोटं नाही. तरीही त्या दिवसांत हमालाला आधी चांगलं वळण लावू आणि मग कायदा करू असं कुणी म्हटलं असतं तर आजही आपण वळणच लावत बसलो असतो. दुसरा दाखला खानावळवाल्या बायकांचा. गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या या बायका वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या दरमहात पिचलेल्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांना या बायकांच्या एकमेकींवरच्या हमीवर कर्ज द्यायला लावलं. आमचे जुने साहेब सांगायचे, की सगळ्या शाखेची थकबाकी एकीकडे आणि या बायकांची परतफेड एकीकडे. बाई तीच, चूल तीच. दरमहाचं दसादशे झालं, एवढाच फरक.

‘फुकट’ या शब्दावर बोलल्याशिवाय हा लेख संपवता येणार नाही. लाडकी बहीण योजना मला सदोष वाटते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ती घाईनं आली, छाननी नंतर सुचली, आणि हजारो पुरुषांनी व काही सरकारी कर्मचाऱ्यांनीही तिचे पैसे उचलल्याचं सरकारलाच कबूल करावं लागलं. (लबाडी करणारे कोण निघाले ते लक्षात घ्या.) राज्याच्या तिजोरीला हे किती काळ झेपेल, हा प्रश्न रास्त आहे. विकासाचं श्रेयही नाकारायचं कारण नाही: गरिबी मोजण्यासाठी नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं मोजलं तर २००४-०५ मध्ये ३७ टक्क्यांवर असलेली देशातली गरिबी २०११-१२ मध्ये २२ टक्क्यांच्या खाली आली, आणि त्यात वाढत्या अर्थव्यवस्थेचा वाटा मोठा होता. पण ‘पैसे दिले की दारूत जातात, काम करायची सवय सुटते’ हा आक्षेप वेगळा आहे आणि तो तपासून झालेला आहे. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा यांनी निरनिराळ्या देशांतल्या रोख मदतीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यांना आढळलं नाही. काही ठिकाणी तो घटलाच.

आळसाची भीती तर आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळातही होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि तिच्यासाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. पगाराच्या स्लिपवर महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात तो हाच. त्या योजनेची खुबी अशी, की मागणाऱ्याच्या चारित्र्याची चौकशीच करायची नाही. वैशाखाच्या उन्हात खडी फोडायला जो येतो त्याला काम द्यायचं. आळशी माणूस तिथं येईलच कशाला? मुंबईच्या कारकुनानं मराठवाड्याच्या मजुराला पैसे दिले आणि फारसा बोभाटा झाला नाही. आज त्याच कारकुनाची मुलं ‘आमच्या करावर यांची चैन’ म्हणतात. त्यांचं घर पाचशे चौरस फुटांच्या आत असेल तर २०२२ पासून त्यांना मुंबईत मालमत्ता कर नाही. गृहकर्जाच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंतची वजावट त्यांनी वर्षानुवर्षं घेतली. आमच्या सोसायटीतला एकेक फ्लॅट ४६० चौरस फुटांचा आहे. ग्रुपवर ‘फुकट संस्कृती’बद्दल लिहिणाऱ्या एकानंही पालिकेला पत्र लिहून कर भरायची तयारी दाखवलेली नाही. मीही नाही.

तर उचलीचं काय झालं? विषय व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आला. मी होतो. ‘असा पायंडा पडला तर वॉचमनही मागेल’ या मुद्द्यावर पाऊण तास गेला आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. त्याच बैठकीत पाचवा विषय होता एका सभासदाच्या थकलेल्या मेंटेनन्सचा. आमच्या उपविधीप्रमाणे थकबाकीवर दसादशे एकवीस टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं. गृहस्थ म्हणाले, धंद्यात जरा अडचण होती. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली, आणि दीड वर्षाचं व्याज माफ झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी जिना पुसत होत्या. प्रवेशाचं काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, झाला प्रवेश. पैसे मिळाले का? मिळाले. किती टक्क्यानं, ते विचारायचं मला धाडस झालं नाही. त्यांनीच सांगितलं, पाच.